सन्म्याच्या गोष्टीतलं दार

सन्मती आम्हाला दारात उभं करून मेला.

खऱ्या दारात न्हवं. गोष्टीतल्या.
रविवारी म्हणाला, "दार समोर हाय. उरलेलं पुढच्या रविवारी." आणि मधल्याच आठवड्यात, दुकानात बसल्या जागी, हार्ट.

आज वर्ष झालं.
पण आज मी रडगाणं गायला आलेलो न्हाय. आम्ही जिंकलो, ते सांगायला आलोय.

माहीत नसलेल्यांसाठी: टेबलाभोवती बसून खेळायचा गेम हाय. एकजण गोष्ट सांगतो, तो गेम मास्टर. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं. काय करायचं ते आपण ठरवायचं, जमलं का न्हाय ते फासे ठरवणार.
आमचा मास्टर सन्मती. खेळणारे मी, रूपाली आणि बंड्या. शिवाजी पेठेत, सन्मतीच्या धान्याच्या दुकानावरची खोली. दर रविवारी दुपारी. वर्षानुवर्षं.

आमची गोष्ट एका घाटातली. नाव काहीही दिलेलं असू दे, तो गगनबावडाच. पाऊस, धुकं आणि त्या धुक्यात वाटसरू गिळणारा धुकेराजा.
घाटाच्या नाक्यावर गणूतात्या नावाचा म्हातारा. सन्मती त्याचा आवाज असा काढायचा की बंड्या हसून खुर्चीवरनं पडायचा. तात्या प्रत्येकाला "पावणं" म्हणणार.
एक दिवस तात्या हरवलेल्या वाटसरूला शोधायला धुक्यात गेला, तो परत आलाच न्हाय.
रूपालीनं शपथ घेतली. तात्याला आणल्याशिवाय गोष्ट संपवायची न्हाय. शोधत शोधत आम्ही धुक्यातल्या त्या दारापर्यंत पोचलेलो.

सन्मती तयारी शून्य करायचा. कागद न्हाय, नकाशा न्हाय. समोर फक्त भडंगाची वाटी.
मी फ्लेक्स छापणारा, सगळं आधी आखून ठेवणारा. मला हे बघवायचं न्हाय.
"अरे लेका, थोडी तरी तयारी करत जा की."
"तयारी केली की मी एकटाच खेळतोय रे. तुम्ही नुसतं माझ्या मागनं हिंडणार."
"मग सुचतं कसं तुला?"
"आपोआप."

एकदा त्याला ताप होता म्हणून मी मास्टर झालतो. अख्खं शहर फ्लेक्सवर छापून नेलं. गल्ल्या, बाजार, तुरुंग, सगळं.
बंड्यानं पहिल्याच डावात नकाशाबाहेरच्या ओढ्यात उडी मारली.
पुढं काय, मला सांगताच येईना. शेवटी छापलेलं शहर पालथं घातलं आणि त्यावर भडंग खाल्लं.

सन्मती गेल्यावर त्या खोलीत कुणी चढलं न्हाय. दार तसंच. तात्या तसाच.
गेल्या आठवड्यात रूपालीचा फोन आला. "वर्ष होत आलं. संपवूया. तू मास्टर हो."
चुकलो तर सन्म्याची गोष्ट माझ्या हातनं मरणार.

तरी सवय जाते होय? परवाच्या रविवारी दारामागचा महाल छापून नेला. सिंहासन, पहारेकरी, कोण कुठनं हल्ला करणार, सगळं ठरवून.
मी म्हटलं, "दार समोर हाय. काय करताय? फोडताय?"
रूपाली म्हणाली, "न्हाय. कडी वाजवते. आत कोण हाय म्हणून विचारते."

मेलो.
माझ्याकडं हाणामारी होती. आतनं ओ कोण देणार, हे छापलंच न्हवतं.

तेवढ्यात खालनं काकूंची, म्हणजे सन्मतीच्या आईची हाक आली. जैनाचं घर. दिवस मावळायच्या आत जेवण. सन्मतीसुद्धा गेम कितीही रंगात असला तरी उठून खाली जेवायला जायचा.
मी सुटलो. खाली गेलो.

काकूंनी ताटात भाकरी आणि आमटी वाढली. माझ्या तोंडाकडं बघितलं.
"अडलास न्हवं?"
"तुम्हाला कसं कळलं?"
"त्यो बी असंच तोंड घिऊन यायचा. भाकरी मोडायचा आन इचारायचा, आई, आता फुडं काय व्हईल?"

माझा घास हातातच राहिला.
"म्हणजे त्याच्या गोष्टीतली ती गावाला पाणी देणारी चेटकीण?"
"म्याच सांगितलेली. बाईमाणूस हाय, उगंच कशाला वाईट असंल?"

आपोआप म्हणे. चोर लेकाचा.
आम्ही वर बसून त्याला जीनियस म्हणायचो आणि हा खाली आईला विचारून यायचा. मी सगळं ठरवून ठेवायचो, तो विचारायचा. आम्हाला विचारायचा, आईला विचारायचा. एवढाच फरक होता.

मी म्हटलं, "काकू, दारामागं काय असंल?"
काकूंनी भाकरीवर तूप घातलं.
"ह्ये इचारायचं ऱ्हायलं बघ त्याचं."
मग म्हणाल्या, "काय असणार? माणसंच असतील की. वाट चुकल्याली. पाऊस कवा थांबतोय बघत बसल्याली."

वर आलो. फ्लेक्स गुंडाळून कोपऱ्यात ठेवला.
"वाजव कडी," मी रूपालीला म्हटलं.
"वाजवली. कोण हाय आत?"
मी घसा खाकरला. सन्म्या काढायचा तसा तात्याचा आवाज मला येत न्हाय, पण आला.
"पावणं, लई उशीर केलासा की."

बंड्या हसला न्हाय. रूपाली तोंडावर हात ठेवून बसली.
मग दार उघडलं. आत तात्या, आणि त्या घाटात आजवर हरवलेलं एकूण एक माणूस.
सगळ्यांना घेऊन उतरताना धुकेराजा आडवा आला. रूपालीनं फासा टाकला. सगळ्यात मोठा आकडा, धुकेराजा खलास.
खोलीत नुसता कल्ला, जाळ अन् धूर संगटच. खालच्या गिऱ्हाइकांनी वर बघितलं एवढं ओरडलो.

काकू जिन्यात येऊन उभ्या.
"पोचली का समदी?"
"पोचली, काकू."
"बरं झालं," म्हणाल्या आणि डोळे पुसत खाली गेल्या.

पेठेतली पोरं सकाळपासून विचारायलीत, सन्म्याचा वर्षाचा फ्लेक्स कुठं लावायचा. श्रद्धांजलीचे फ्लेक्स मी रोज छापतो. पण सन्म्या, तसला तुझा छापला न्हाय.
घाटाचा नकाशा छापलाय. नाका, वाट, उघडं दार. खेळ झाल्यावर काढलेला माझा पहिलाच नकाशा. तुझ्या दुकानावर लावलाय.

सन्म्या, सगळी खाली उतरली.
जा आता निवांत.