फंडाचा भाव आणि चाळीतला कांदा

आमच्या ह्यांचा दिवस कांद्याच्या भावाने सुरू होतो. राहुरीच्या बाजारात काल काय भाव निघाला हे व्हॉट्सॅपवर पाहिल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही. मुलीच्या कॉलेजसाठी म्युच्युअल फंडात एसआयपी सुरू केली तेव्हा मोबाईलमधलं ते ॲप मी ह्यांना दाखवलं, हीच चूक झाली. दुसऱ्या दिवसापासून चहाबरोबर दोन भाव बघणं सुरू झालं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पगार झाला की ठरलेली रक्कम आपोआप कापली जायची. आपण त्यात हात घालायचा नाही, एवढंच माझं शहाणपण. ह्यांना ते शहाणपण वाटायचंच नाही. भाव न विचारता माल घेणारी बाई त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

मग एकदा शेअर बाजार असा घसरला की टीव्हीवरचे जाणकारही घाम पुसू लागले. हे गोठ्यातून शेणाने भरलेल्या हातांनी तसेच आत आले.

"आगं, इकून टाक समदं. सडायच्या आत इकलेलं बरं."

"अहो, तो काय कांदा आहे का सडायला?"

"भाव पडला का समदं सारखंच हाय."

मी हसले खरी, पण रात्री तो आकडा मीही दोनदा बघितला. पोरीला फिजिओथेरपी शिकायला जायचं होतं आणि त्या फीसाठी आमच्याकडे एवढंच होतं. मधल्या सुट्टीत, मुलं खिचडी खात असताना, हप्ता बंद करायला मी गुपचूप ॲप उघडलं. त्याने बंद करण्याचं कारण विचारलं. घरखर्च, दुसरी गुंतवणूक असे पर्याय होते. 'भीती वाटते' हा पर्याय नव्हता. खोटं काय निवडावं या विचारात घंटा झाली, आणि वर्गातली भांडणं सोडवण्यात ते राहूनच गेलं. नातेवाईक माझ्या ज्या शिस्तीचं कौतुक करतात, ती ही.

मुलगी बारावीत गेल्यावर मी आणखी एक सोय लावून टाकली. दर महिन्याला फंडातले थोडे पैसे आपोआप निघून बँकेत येणार, बाजार कुठेही असो. बाजार नेमका चढला. आता ह्यांचा सूर बदलला.

"थांबव ते. आत्ता कुठं भाव आलाय. इतक्यात कोन काढतं का?"

चढत्या भावात साठवलेल्या कांद्याची चाळ उघडायची नाही, अशी आमच्याकडची रीत. मग भाव बसतो आणि सगळं गाव सरकारला शिव्या देतं. मोह मलाही झाला, नाही असं नाही. ॲपला मात्र होत नव्हता.

पुण्याच्या कॉलेजात प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी फी भरली. हे बाजूला उभे राहून पुटपुटत होते, "जरा दम धरला असता तर लई झालं असतं."

"पप्पा, तवर माझी सीट थांबली असती व्हय?" पोरगी म्हणाली.

तिला हॉस्टेलवर सोडून आम्ही एसटीत बसलो. शिरूर मागे पडलं तरी ह्यांचं मोबाईल काढून बघणं चालूच होतं. शेवटी मी वैतागले. "अहो, झाला तेवढा फायदा पुरे की. किती मनाला लावून घ्यायचं?"

"फायद्याचं न्हाई गं," खिडकीकडे बघत हे म्हणाले. "पैसं आडकून पडलं असतं, तर तेवढीच पोरगी आजून एक साल घरात ऱ्हाईली असती."

सगळं आधीच लावून ठेवणारी मी, नगर येईपर्यंत रडत होते.