हवालदारकाकांचा अखिल भारतीय परवाना

४ नोव्हेंबर १९९९, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. आखातात, अल ऐनमधल्या आमच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेच्या फाटकावर हवालदारकाका नेहमीच्या पवित्र्यात उभे होते: डावा हात काठीवर, उजवा कमरेपासून चार बोटे दूर, मोकळा. कमरेला पिस्तूल असते तर त्या हाताचा अर्थ लागला असता. पण शस्त्र नव्हतेच. होता तो सदऱ्याच्या खिशात, प्लॅस्टिकमध्ये जपलेला शस्त्रपरवाना.

सैन्यातून निवृत्त झाल्यावर साताऱ्यातल्या एका बँकेच्या दारात ते स्वतःची दुनळी बंदूक घेऊन बसत. आखातात येताना ती शस्त्रांच्या दुकानात जमा केली आणि परवाना बरोबर आणला. नवा माणूस भेटला की नाव सांगण्याआधी परवाना बाहेर निघे. "वाचा. व्हॅलिडिटी, ऑल इंडिया! जिल्ह्यापुरते परवानेवाले शंभर सापडतील." हा इंडिया नव्हे, असे मी दोनदा निदर्शनास आणले. "करेक्ट आहे, मॅडम," असे म्हणून ते परवाना खिशात ठेवत आणि पूर्ण सशस्त्र माणसाच्या समाधानाने फाटकाकडे वळत.

राज्य बदलले की नव्या ठिकाणी परवान्याची नोंद करायची, हा त्यांचा शिरस्ता. "बडोद्याला ड्यूटी लागली तेव्हा केली, बेळगावला केली. इथं चार वर्षं झाली, नोंद नाही. बेकायदा राहतोय मी." त्या दिवशी मी हार मानली आणि गाडी काढली. कंपनीची सरकारी कामे पाहणारे मंडणगडचे इसाकभाई दुभाषी म्हणून बरोबर आले.

"यल्ला, चला हवालदार," इसाकभाई म्हणाले. " पण पोलिसांपुढे बंदूक हा शब्द मी उच्चारेन. तुम्ही फक्त मिशा सांभाळा."

मला हसू आले. "मॅडम, हसताय काय?" काका म्हणाले. " तुमच्या पुण्याच्या डिग्रीलाही इथं येताना शिक्के लागलेच की!"

ठाण्यातल्या अधिकाऱ्याने परवाना आदराने उलटसुलट पाहिला. बंदूक कुठे आहे, असे विचारले. साताऱ्यात, असे कळल्यावर म्हणाला, "मग तिथेच राहू द्या. खलास." मग शेवटच्या तारखेवर बोट ठेवून त्याने सौम्यपणे विचारले, "हा या वर्षअखेरीस संपतो ना?"

परतताना काका प्रथम म्हणाले, "नकार नाही दिला. राहू द्या म्हणाले." मग परवाना पुन्हा प्लॅस्टिकमध्ये सरकवला. शेवटी बोलले, "नूतनीकरणाला बंदुकीसकट स्वतः हजर राहावं लागतं. परवाना गेला की बंदूक गेली. मग गावी परतल्यावर बँकेच्या दारात मला कोण उभं करणार?"

रजा एप्रिलमध्ये होती. त्याआधी देण्यास कंपनी तयार नव्हती. मी कोष्टक मांडले: उरलेले दिवस सत्तावन्न, विमान, प्रवास, कचेरीच्या सुट्ट्या. निष्कर्ष निःसंदिग्ध होता: राजीनामा. इसाकभाई कोष्टकाकडे पाहत म्हणाले, "मॅडम, हे पाण्याचं सॅम्पल नाही, माणूस आहे." मी त्यांना आकड्यांत चूक दाखवण्याचे आव्हान दिले. त्यांना ती दाखवता आली नाही.

"तुम्ही म्हणता ना? मग झालं," असे म्हणून काकांनी मी लिहिलेल्या राजीनाम्यावर सही केली. निघताना त्यांनी मला कडक सलाम ठोकला. मला सलाम घेता येत नसल्याने मी नमस्कार केला.

डिसेंबरअखेर फोन आला. "मॅडम, शिक्का बसला! चार दिवस हातात ठेवून!"

"आणि बँक?"

"बँकेनं नवा नियम काढलाय. रखवालदार पंचावन्नच्या आतला पाहिजे. साहेब चांगला आहे हो, चहा पाजला." मग घाईने, जणू सांत्वनाची गरज मलाच होती, "पण परवाना ऑल इंडियाच ठेवलाय. तुमचं लग्न देशात कुठंही ठरू द्या, दुनळी घेऊन मांडवाच्या दारात उभा राहतो."

फोन ठेवून मी कोष्टक काढले. त्यांचे जन्मसाल, १९४३, परवान्यावरून राजीनाम्यात मी स्वतः उतरवले होते. कोष्टकात ते नव्हते. तळाशी एक ओळ वाढवली.

वय: ५६.