आबांना वाचायचं होतं ते नाव

"तुमचं नाव कशाला असंल त्यात? तुमी दूध घालता व्हय संस्थेला?"

दूध संस्थेचा एक संचालक हे म्हणाला आणि हसला. मागून दुसरा बोलला, "घातलं तरी घेतंय कोन?"

मग सगळेच हसले. हार घातलेल्या कॉम्प्युटरपुढं माझे वडील, आबा, उभे होते. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी. पडद्याकडं केलेलं बोट तसंच राहिलेलं. त्यांनी एवढंच विचारलं होतं, "सायेब, ह्यात आमचं नाव कुटं हाय?"

तो प्रोग्रॅम मी लिहिला होता.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी सांगलीत एका कॉम्प्युटर फर्ममध्ये प्रोग्रॅमर होते. पलूसकडच्या एका दूध संस्थेचं काम आमच्याकडं आलं. कुणी किती दूध घातलं, फॅट किती लागली, सगळं कॉम्प्युटरवर, मराठीत दिसायला हवं होतं. फर्मच्या मालकांना आम्ही सर म्हणायचो. सरांनी ते माझ्यावर सोपवलं.

लाइट जायची. लिहिलेलं पुसलं जायचं. एकदा हार्ड डिस्कच गेली. जपून ठेवलेली फ्लॉपी घातली, तर तीही वाचेना. सगळं काम गेलं. मी तोंडावर पाणी मारलं आणि पुन्हा लिहायला बसले. सर आल्यागेल्याला सांगायचे, "पोरगी बर्फ आहे बर्फ. कधी चिडत नाही." मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, लय बरं वाटायचं.

हे मी आबांकडून घेतलेलं. ते पाटणच्या बाजूला रस्त्याच्या गँगवर मजूर होते. पावसात घाटात दरड यायची. साफ करून घरी येईपर्यंत तिथंच दुसरी यायची. "पडलंय त्ये काढाय नगं व्हय?" एवढंच म्हणायचे आणि ओलं घोंगडं पुन्हा अंगावर घ्यायचे.

आबा मोठेपणी शिकले, आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात. बोट ठेवून, ओठ हलवत वाचायचे. मी त्यांना सांगितलं होतं, प्रोग्रॅम सुरू झाला की पहिल्यांदा करणाऱ्याचं नाव येतं. माझं नाव, मधे तुमचं, मग आडनाव.

"माजं बी?"

"तुमचं बी."

म्हणून ते उद्घाटनाला आले होते. एवढ्या लांब, एसटी बदलत.

नारळ फुटला. कॉम्प्युटर सुरू झाला. पडद्यावर सरांच्या पुतण्याचं नाव आलं. त्यानं त्या प्रोग्रॅमची एक ओळ लिहिली नव्हती. आदल्या दिवशी सर मशीन घेऊन पुढं आले होते, तेव्हाच त्यांनी ते बदललं होतं.

आबांनी विचारलं. लोक हसले. सर माझ्या कानाशी आले. हळू, अगदी मायेनं म्हणाले, "आडनाव वाचून लोक चौकशा करतात. दुधाचं काम आहे. कुणाच्या मनात किंतु नको. तू समजूतदार आहेस. शांत राहा."

मी आबांकडं बघितलं. तेही हसत होते. लोक हसतायत म्हणून हसत होते.

ते हसू माझ्या ओळखीचं होतं. फर्ममध्ये माझा पाण्याचा ग्लास वेगळा ठेवला, तेव्हा मी असंच हसले होते. माझ्या डब्यातलं कुणी घेतलं नाही, तेव्हाही. त्याला मी शांतपणा म्हणत होते. शांतपणा नव्हता तो. भीती होती. बापाच्या तोंडावर दिसली तेव्हा कळली.

मी खुर्ची ओढली आणि कीबोर्डपुढं बसले.

"काय करतेस?" सर म्हणाले.

"दुरुस्ती."

नावाची फाइल उघडली. पुतण्याचं नाव पुसलं. माझं टाइप केलं, पूर्ण. प्रोग्रॅम परत सुरू केला.

"आबा, वाचा."

त्यांनी काचेवर बोट ठेवलं. ओठ हलले. माझं नाव वाचून झालं. बोट पुढं सरकलं. त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर त्यांनी मोठ्यानं म्हटलं.

सरांनी बटण बंद केलं.

पडदा काळा झाला. आबांचं बोट काचेवरच होतं.

"उद्यापासून येऊ नकोस," सर म्हणाले. संस्थेचे चेअरमन पुढं झाले. "पोरी, माफी माग. मिटवून टाकू."

"कशाची?" मी विचारलं. मी आबांचा हात धरला आणि बाहेर पडले.

एसटी कराडला आली. आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला दिसलं. पुरं दिसलं."

मला माहीत होतं, दिसलं नव्हतं.

घरी आई दारातच उभी. "आलं का वं नाव?"

"व्हय की. लय मोठ्या अक्षरात व्हतं. समदी बघत व्हती," आबा म्हणाले.

मी परसात गेले. ओढणी तोंडात कोंबली आणि रडले.

सरांनी सांगलीभर सांगितलं, पोरगी भडक डोक्याची आहे. कुठंच काम मिळेना. शेवटी साताऱ्यात एका क्लासमध्ये टायपिंग शिकवायला लागले. हळूहळू स्वतःची कामं घेतली. आबा त्याआधीच, पुढच्या पावसाळ्यात गेले. छातीचं दुखणं. त्यांचं नाव त्यांना वाचायला द्यायचं राहिलं. ते आता राहिलंच.

अजून मला लोक सांगतात, शांत राहा. मशीन बिघडलं, महिन्याचं काम मातीत गेलं, तर राहते. ते मला जमतं. पण माझ्यापुढं कुणाच्या बापाला हसाल, तर मी गप्प बसणार नाही. कानात बोलणार नाही. बाजूला घेऊन समजावणार नाही. भर सभेत, तिथल्या तिथं, तुमच्या तोंडावर बोलेन. काढा मग कामावरून.