ट्रेलर हटवले तेव्हा

बेलापूरच्या एका हॉलमध्ये महिन्यातून दोन दिवस आमचा वर्ग भरायचा. सामाजिक काम करणाऱ्यांना ‘सिस्टीम्स थिंकिंग’, म्हणजे सगळं एकमेकांत कसं गुंतलंय ते बघणं, आणि नेतृत्व शिकवायचं, असा तो सहा महिन्यांचा कोर्स होता. मी ज्या लहानशा संस्थेत काम करायचे, तिनं मला पाठवलं होतं. माझे वडील मराठवाड्यातलं गाव सोडून इकडे आले आणि मार्केटात माथाडी म्हणून राबले. मी बोनकोड्यातल्या भाड्याच्या खोलीत वाढले. नेतृत्व हा शब्द आपल्या बाबतीत कुणी वापरेल असं मला कधी वाटलं नव्हतं, म्हणून पहिल्या दिवशी मी जरा जास्तच लवकर जाऊन पुढे बसले.

शिकवणारे सर पुण्याहून यायचे. हळू बोलायचे. त्यांनी आम्हाला गोलात उभं केलं आणि हातात लोकरीचा गुंडा दिला. कुणी शाळा व्हायचं, कुणी पोलीस, कुणी पाणी, कुणी रिक्षावाला. धागा एकाकडून दुसऱ्याकडे जात जात सगळे त्यात गुंतले. मग त्यांनी एकीला हातातला धागा ओढायला सांगितला, आणि ती तर माझ्या अगदी समोरच्या टोकाला होती, तरी माझ्या बोटाला काच बसला. एकटी एकच गोष्ट कधी हलत नाही, असं सर म्हणाले. मी ते वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. मला समजलं असंच मला वाटलं.

माझं काम तेव्हा न्हावा शेव्याच्या बाजूला एका गावात होतं. गावाची शाळा मोठ्या रस्त्याला लागून, आणि त्या रस्त्याच्या दोन्ही कडांना कंटेनरचे ट्रेलर उभे. बंदरात आत घ्यायची पाळी येईपर्यंत ते तिथेच थांबायचे, कधी एक दिवस, कधी तीन. पोरं त्या ट्रेलरांच्या मधल्या फटीतून शाळेत जायची. एकदा तिसरीतल्या मुलीला सुरू झालेल्या ट्रेलरचा धक्का लागला आणि तिचा हात मोडला. त्यानंतर गावातल्या बायका संस्थेकडे आल्या.

मी कोर्सात शिकलेलं सगळं काढलं. शाळेच्या पडवीत खाकी कागद पसरला, स्केचपेनं वाटली. ट्रेलर, मुलं, शाळा, भीती, गैरहजेरी अशा चौकटी काढून त्यांच्यात बाण काढले. पंधरा-वीस बायका होत्या. त्यांतली एक मासे विकणारी काकी होती, साठीच्या आसपासची, गावातली जुनी. ती रोज सकाळी खाडीवरच्या धक्क्यावर जाऊन मासे घ्यायची आणि पाटी डोक्यावर घेऊन परत यायची. बायकांना गोळा करण्याचं काम खरं तर तिनंच केलं होतं. ती बराच वेळ कागदाकडे बघत बसली आणि मग म्हणाली, "ताई, गाड्या हितून उठवल्या तर त्या जानार कुठं? पान्यात तर उतरनार नाय."

बायका हसल्या. मीही हसले. चर्चा विषयाबाहेर जायला लागली की तो प्रश्न बाजूच्या वेगळ्या कागदावर लिहून ठेवायचा, असं आम्हाला शिकवलं होतं. त्या कागदाला ‘पार्किंग लॉट’ म्हणायचं. काकीचा प्रश्न मी तिथे लिहिला आणि त्यावर नंतर बोलू असं तिला सांगितलं. तिनं मान हलवली. तो कागद मी पुन्हा उघडला नाही.

पुढचे दोन महिने आम्ही अर्ज दिले, अधिकाऱ्यांना भेटलो, एकदा रस्त्यावर तासभर बसलो. काकी सगळ्यांत पुढे असायची. शेवटी तिथे ‘नो पार्किंग’चे बोर्ड लागले, दंड सुरू झाला आणि आठवड्याभरात रस्ता मोकळा झाला. शाळेच्या बाईंनी पेढे वाटले. संस्थेनं फोटो काढले. कोर्सच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी ते टाकले, तर सगळ्यांनी टाळ्या पाठवल्या.

ट्रेलर गावामागच्या रस्त्यावर गेले होते. मिठागरांच्या कडेनं धक्क्याकडे जाणारा तो अरुंद रस्ता. मला ते माहीत होतं. एक-दोनदा कुणी बोललंही होतं. शाळेचा प्रश्न सुटलाय, आता हा पुढच्या टप्प्यात घेऊ, असं मी म्हणत राहिले.

एका सकाळी आठच्या सुमाराला काकी धक्क्यावरून परत येत होती. दोन्ही बाजूंना ट्रेलर होते. त्यातला एक रिव्हर्स घेत होता आणि तिला बाजूला व्हायला जागाच नव्हती. मला फोन आला तेव्हा तिला हॉस्पिटलात नेलं होतं. मी पोचले तोवर उजवा पाय गुडघ्यापासून काढायचं ठरलं होतं. बाहेर बाकावर तिची सून बसली होती. तिच्या साडीला माशांचा वास येत होता, कारण तिनंच काकीला उचललं होतं. मी शेजारी बसले, तशी ती उठून दुसऱ्या बाकावर गेली.

दुपारी मी पोलीस स्टेशनला गेले. ड्रायव्हरला तिथेच बसवून ठेवलं होतं. चाळिशीचा माणूस, बोलण्यावरून आमच्याच मराठवाड्यातला. मी त्याला जाब विचारायला गेले होते. त्यानं माझ्याकडे नीट बघितलंही नाही. दोन दिवसांपासून तो गाडीतच होता, धड झोप नाही, गाडी सोडून जायची सोय नाही. मी कोण हे त्याला माहीत नव्हतं. तो म्हणाला, "मॅडम, मी आधी शाळेपुढच्या रोडवर उभा राहायचो. तिथं रोड रुंद होता. तिथून आम्हाला हाकललं."

बाहेर येऊन स्कूटरपाशी किती वेळ उभी होते, ते आठवत नाही.

कोर्सच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकानं आपलं काम मांडायचं होतं. माझ्याकडे मोकळ्या रस्त्याचे फोटो तयार होते. ते मी दाखवले आणि मग पुढचं सांगितलं. माझ्यासोबतची एक मुलगी म्हणाली की तुला हे आधी कळणं शक्यच नव्हतं, स्वतःला दोष देऊ नकोस. मला बरं वाटावं म्हणूनच ती बोलत होती. मी म्हटलं, "मला सांगितलं होतं. मी लिहूनही घेतलं होतं."

सरांनी सांत्वन केलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं की त्या बाईंचं आता काय म्हणणं आहे. मी तिला विचारलं नव्हतं. तीन वेळा भेटायला गेले होते, सफरचंदं नेली होती, सरकारी मदतीचे फॉर्म भरले होते, पण विचारलं नव्हतं.

पुढच्या रविवारी गेले. काकी खाटेवर बसली होती. मी तिला सांगितलं की तुझं मी ऐकायला हवं होतं. मग विचारलं, आता काय करू.

"आता मना इचारून काय करशील," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर मी ड्रायव्हरांशी बोलायला लागले. त्यांच्या केबिनमध्ये बसून चहा प्यायले. बंदरात पाळी का लागत नाही, यार्डात जागा का नाही, संडासाला कुठे जातात, हे मला तिथे कळलं. आधी हे विचारायला मी एकदाही त्यांच्याकडे गेले नव्हते. माझ्या खाकी कागदावर ‘ट्रेलर’ अशी चौकट होती, त्यात माणूस नव्हता. गाव आणि ड्रायव्हर यांची एक बैठकही झाली. ट्रेलरना थांबायला संडास-पाण्यासकट जागा द्या, असा अर्ज दोघांच्या सह्यांनी गेला. तो अजून फिरतोय. एक ऑफिस म्हणतं जमीन आमची नाही, दुसरं म्हणतं काम आमचं नाही.

अपघातानंतर मागच्या रस्त्यावरही बोर्ड लागले. ट्रेलर आता पुढच्या गावाच्या वेशीवर उभे राहतात. तिथेही शाळा आहे.

सून उलव्याच्या एका सोसायटीत हाउसकीपिंगला जाते. धक्क्यावर जायची तिची हिंमत होत नाही. काकी दिवसभर घरात एकटीच असते. मी गेले की चहा घेऊन जा म्हणते, माझ्या वडिलांची चौकशी करते, बोनकोड्यात पापलेट काय भावानं मिळतं ते विचारते. पायाविषयी ती बोलत नाही, आणि मीही तो विषय काढत नाही.