झाडलेली पायवाट

ती घटना विसरता आली असती तर बरं झालं असतं. ती आजही जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते आणि इतकी वर्षं मी ती सांगायचं टाळत आलो. निवृत्तीनंतर शाळा-कॉलेजात बोलावतात, जुन्या सहकाऱ्यांच्या बैठका होतात. तिथे मी सागवान तस्करीची, दरोड्याची प्रकरणं रंगवून सांगतो. हे प्रकरण कागदावर माझ्या चांगल्या तपासांपैकी एक आहे. वरिष्ठांनी शाबासकीही दिली होती. जे कागदावर नाही, ते आज लिहितो. ज्या एका माणसाच्या कानावर हे जाऊ नये म्हणून गप्प राहणं भाग होतं, तो या उन्हाळ्यात वारला. गावाचं आणि कुणाचंही नाव सांगणार नाही.

मी तेव्हा ब्रह्मपुरीकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. मोहफुलांचे दिवस होते. एका सकाळी गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला. एक बाई मोहफुलं वेचायला गेली होती, तिला वाघानं मारलं. अशा खबरा आमच्याकडे नवीन नव्हत्या. मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल करायचा, पंचनामा करायचा, प्रेत शवविच्छेदनाला पाठवायचं, वनखात्याला कळवायचं. ठरलेलं काम.

जागेवर गेलो. गावकऱ्यांनी प्रेत आधीच शोधून वाटेवर आणून ठेवलं होतं. एक गोष्ट खटकली. मोहाच्या झाडाखाली लोक पालापाचोळा झाडून जमीन स्वच्छ करतात, म्हणजे पडलेली फुलं वेचता येतात. हे मला माहीत होतं. पण इथे झाडापासून बऱ्याच अंतरावर, पायवाटेचाच एक तुकडा कुणीतरी झाडून काढला होता. पळसाच्या डहाळ्या तिथेच पडल्या होत्या. त्यांच्या पानांना रक्त लागलेलं होतं.

"हे कोणी झाडलं?" मी विचारलं.

बाईचा चाळिशी उलटलेला नवरा पुढे आला. खांद्यावर दुपट्टा, पाय धुळीनं भरलेले. "मी झाडलो जी."

"काऊन?"

का झाडलं ते सांगायचं सोडून तो दुपट्ट्यानं पायांवरची धूळ झटकू लागला.

दुपारी खबऱ्या आला. आदल्या संध्याकाळी नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण झालं होतं, शेजाऱ्यांनी कानानं ऐकलं होतं. "जाशील तं वापस येऊ नोको," असं तो ओरडला होता. प्रेताची अवस्था अशी होती की डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचा अभिप्राय राखून ठेवला. मारून जंगलात टाकली आणि मग जनावरांनी खाल्ली, असंही होऊ शकत होतं. झाडलेली जागा, भांडण आणि गप्प राहणारा नवरा. मला आणखी काय हवं होतं?

त्याला ठाण्यात आणलं. आईवेगळी झालेली त्याची आठ-नऊ वर्षांची मुलगी त्याचा दुपट्टा सोडेना, म्हणून तीही जीपमध्ये बसली. तिला व्हरांड्यात बसवलं. तिचा बाप आत, माझ्यासमोर. मधे एक खिडकी, तिला काच नव्हती.

"बायकोला काय झालं?"

त्यानं खिडकीकडे पाहिलं आणि ओठ हलवले. आवाज जवळजवळ नव्हताच. "वाघ."

"मोठ्यानं बोल."

"पोरगी आहे जी बाहेर."

मला वाटलं, मुलीला ढाल करतो आहे. मी बाहेर आलो आणि मुलीला विचारलं. ती खणखणीत म्हणाली, "मायले साप चावला."

दोन जबाब, दोन कारणं. पोलिसाच्या कानाला हा आवाज फार गोड लागतो. मला वाटलं, प्रकरण फुटलं. शिकवलेलं पोर बापाचं शिकवणं विसरलं. आत येऊन मी त्याला दोन थोबाडीत मारल्या. स्टेशन डायरीत त्याच्या येण्याची नोंद न करता रात्रभर बसवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी गावातले लोक शवविच्छेदनानंतर प्रेत घेऊन गेले. मातीसाठी नवऱ्याला सोडा, म्हणून पोलीस पाटील हात जोडून उभा होता. मी सोडलं नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर आज कदाचित हे लिहावं लागलं नसतं. पण नवरा काही कबूल होईना, म्हणून मी मुलीला आत बोलावलं. खुर्चीवर बसवलं. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. मी तिच्याकडे वाकलो आणि म्हणालो, "साप नाही चावला. तुझ्या बापानं मारलं तुझ्या मायला. कळलं? आता खरं सांग."

ती रडली नाही. माझ्याकडे पाहत राहिली. ठाण्यातल्या महिला शिपाई बाईंनी तिला उचलून बाहेर नेलं. त्या माझ्यापेक्षा कितीतरी कनिष्ठ, तरी जाताना माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "साहेब, लेकरू आहे हो ते." त्यांनी तिला चहात बुडवून बिस्किटं दिली, वेणी घालून दिली.

थोड्या वेळानं मुलगी आपली आपणच माझ्या टेबलापाशी आली.

"साहेब, मी सांगतो. पण बाबाले सांगजो नोका."

"नाही सांगणार. बोल."

"सापानं नाई. वाघानं नेलं मायले. मले माहीत आहे."

"मग साप काऊन सांगितलं?"

"बाबा म्हणते तसं. मले भेव वाटन म्हणून म्हणते. रोज त्याच वाटेनं शाळेत जावा लागते ना."

मग तिनं सगळं सांगितलं. आई पहाटेच पुढे गेली होती. बाप तिला घेऊन मागून भाकर नेत होता. वळणावर त्याला आईची चप्पल दिसली आणि रक्त. त्यानं मुलीला तिथेच, पाठ फिरवून उभं केलं. आणि पळसाच्या डहाळ्या तोडून वाट झाडू लागला, मुलीच्या नजरेला पडेल तेवढी सगळी. भांडणाचंही तिनं सांगितलं. त्या भागात वाघ फिरतो म्हणून तो बायकोला जाऊ देत नव्हता. "माय म्हणे, फुलं काय आपल्यासाठी थांबतात का. मंग बाबा कावले."

"आणि वाघ? तू पाहिला?"

तिनं मान डोलावली. "मी मागं वळून पाह्यलो. बाबा खाली मान घालून झाडून राह्यले होते. तो नाल्याच्या पल्याड, जांभळीखाली बसला होता. बाबाकडे पाहून राह्यला होता."

"मग तू ओरडली नाहीस?"

"ओरडलो असतो तं बाबा पळाले असते. पळणाऱ्यावर तो येते, माय सांगे. मी म्हटलं, बाबा, मले भूक लागली, घरी चाल. मंग बाबानं मले कडेवर घेतलं अन् आम्ही हळूहळू आलो."

मी त्याच वेळी माणसं आणि वनखात्याचे लोक घेऊन जांभळीखाली गेलो. गवत बसलेलं होतं. नाल्याच्या ओल्या वाळूत पंज्यांचे ठसे होते. मोहाच्या झाडाखाली उलटलेली टोपली आणि तिथून निघालेलं ओढत नेल्याचं रक्त होतं. पहिल्या दिवशी मी झाडलेल्या जागेपाशीच थांबलो होतो. उत्तर सापडलं असं वाटल्यावर माणूस पुढे चालत नाही. पुढे डॉक्टरांनीही मानेवरच्या सुळ्यांच्या खुणांवरून अभिप्राय दिला. कागदावर मी लिहिलं: घटनास्थळाची बारकाईनं पाहणी करून संशयाचं निराकरण केलं. शाबासकी त्या वाक्याला मिळाली.

नवऱ्याला मी फक्त एवढंच म्हटलं, "जा."

तो माझ्या पाया पडला. मग त्यानं विचारलं, "माती झाली का जी?"

मी कागदांत तोंड घातलं. उत्तर शिपाई बाईंनी दिलं.

त्या वाघानं पुढे आणखी माणसं मारली. वनखात्यानं त्याला बेशुद्ध करून पकडलं आणि नागपूरच्या प्राणिसंग्रहालयात पाठवलं. माझी बदली आलापल्लीकडे झाली. एकदा कोर्टाच्या कामाला जाताना त्या गावाच्या फाट्यावर मी बसमधून उतरलो होतो. टपरीवर चहा घेतला आणि पुढच्या बसमध्ये चढलो.

हे प्रकरण मला काय शिकवून गेलं ते नवीन अधिकाऱ्यांसाठी लिहितो. दोन जबाब जुळत नाहीत म्हणजे कुणीतरी गुन्हा लपवतोय, असं नेहमीच नसतं. कधी दोन माणसं एकमेकांना जपत असतात आणि दोघंही खोटं बोलत असतात. गावात सगळ्यांना वाघाचं माहीत होतं, पण त्या बाप-लेकींत तो शब्द कधी उच्चारला गेला नाही, असं पुढे पोलीस पाटलानं मला सांगितलं. बाप समजत होता, लेकीला ठाऊक नाही. लेक त्याला तसं समजू देत होती.

मागच्या हिवाळ्यात मुलगा, सून, नातू आणि आम्ही दोघं नागपूरला प्राणिसंग्रहालय बघायला गेलो. नातू मगरीपुढून हलेना.

"आजोबा, ही खरी आहे की प्लास्टिकची?"

"खरी आहे रे," आमची ही म्हणाली. "तुझ्या आजोबांसारखी. जेवणाच्या वेळेलाच हलते."

माकडं झाली, मोर झाले, अस्वल झोपलेलं निघालं. वाघाच्या पिंजऱ्याशी मात्र गर्दी होती. आत एक म्हातारा वाघ कुशीवर पडला होता, पोट वरखाली होत होतं. बाहेरच्या पाटीवर तो कुठून आणला ते लिहिलेलं होतं. मी ती पाटी दोनदा वाचली आणि बाजूच्या बाकावर बसलो.

समोरच्या बाकापाशी एक वृद्ध आले. सोबत तरुण लेक आणि तिची छोटी मुलगी. नातीला बसवण्याआधी वृद्धांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि बाक झाडला. अगदी शेवटच्या कोपऱ्यापर्यंत, सावकाश. त्या हातावरून मी त्यांना ओळखलं.

ते वाघाकडे पाहत उभे राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता. जुना शेजारी फार दिवसांनी भेटावा तसं पाहत होते.

"आबाजी, हा चावते का?" नातीनं विचारलं.

"नाई वं. बुढा झाला बिचारा. दातच नसन त्याले."

"तुमच्यासारखा?"

"माह्यापेक्षा बरा. त्याले बसल्याजागी जेवाले भेटते."

पोर हसली. मग म्हणाली, "माह्या आजीले कोण चावलं होतं?"

वृद्धांनी वाघावरची नजर काढली नाही. "साप," ते म्हणाले.

"हो वं, साप," लेक म्हणाली.

मी उठलो. फाट्यावरच्या टपरीपासून तयार असलेले शब्द तोंडात होते. दोन पावलं पुढे गेलो तेव्हा तिनं मान वळवली आणि मला पाहिलं. आता माझे केस पांढरे, अंगावर गणवेश नाही, तरी तिला ओळख पटायला वेळ लागला नाही. तिनं अगदी थोडी मान हलवली. नाही. मग वडिलांचा हात धरला.

"बाबा, मले भूक लागली," ती म्हणाली. "चाला."

"आता तं आलो," वृद्ध म्हणाले, पण लेकीबरोबर निघाले. ती त्यांना हळूहळू घेऊन गेली, घाई न करता. लहानपणी तिनं त्यांना असंच एकदा नेलं होतं, जांभळीखालच्या वाघापासून दूर. या वेळी तिथे मी होतो.

"आजोबा, कोण होते ते?" नातवानं विचारलं.

"ओळखीचे," मी म्हणालो.

या उन्हाळ्यात ते गेल्याचं त्याच पोलीस पाटलाकडून कळलं. आता त्यांना काही सांगायचं उरलं नाही. पोरी, तू हे वाचलंस तर पिंजऱ्यासमोर माझ्या तोंडात होतं ते एवढंच होतं: त्या दिवशी खुर्चीवर बसवून मी तुला जे म्हणालो, ते खोटं होतं. तुझ्या बापानं मारलं नाही. तुझ्या मायच्या मातीला मी त्यांना जाऊ दिलं नाही. मला माफ कर.