सेकंदाला बारा फोटोंची करणी

मी माझ्या सख्ख्या वडिलांवर करणी केली होती, हे मला संध्याकाळी पाच वाजता कळलं. तोपर्यंत मी स्वतःला अ‍ॅनिमेशनची विद्यार्थिनी समजत होते.

कॉलेजातून चारकोपच्या घरी आले तर दारातच धुपाचा धूर. बाबा देवासमोर हात जोडून उभे, मागे आई, आणि गाऱ्हाणं रंगात आलेलं. (आमच्याकडे गाऱ्हाणं चालू असताना 'काय झालं?' विचारायचं नसतं. चपला काढायच्या आणि सामील व्हायचं.)

"बा देवा म्हाराजा! जेणी कोणी ह्यां वाकडा काम केल्यान आसात, तेका तू सोडू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आई आणि मी.

"तेच्या हाताक यश दिव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" माझा आवाज आईपेक्षा मोठा.

"तेचो सगळो डाव तेच्याच अंगार उलटव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!" मी तर मूठही आवळली.

मग आईने सांगितलं. बाबांच्या पलंगाखाली झाडू मारताना तिला एक खोका मिळाला होता.

"अगो, आत तुझ्या बापाशीची भावली! तसांच टक्कल, तसांच पोट! ह्येंच्याच जुन्या शर्टाचा कापड! आणि कानामागे केस... खरे केस गो, ह्येंचेच!"

"आई..."

"आणि गुडघ्यात टाचणी! दोन्ही गुडघ्यात! पंधरा दिस ह्येंचे गुडघे कशाक दुखतत, ता आता कळला!"

बाबांनी पुरावा म्हणून गुडघा चोळला.

"एका डबीत नुसती तोंडां. सात! आणि मंत्राचो कागद. अ अ ओ ओ म म इ..."

तो मंत्र नव्हता हो! कुठल्या फोटोला बाहुलीच्या चेहऱ्यावर कुठलं तोंड चिकटवायचं, त्याची ती यादी होती. बाहुली म्हणजे माझ्या शेवटच्या वर्षाच्या फिल्मचा हिरो. स्टॉपमोशनमध्ये बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायची. सेकंदाला बारा फोटो. गुडघे ढिले झाले म्हणून टाचण्या. विषय होता, दुपारी झोपू पाहणारा माणूस आणि एक माशी. दुपारी झोपणारा माणूस शोधायला मला घराबाहेर जावं लागलं नाही. केस मी कंगव्यातून चार महिने जमवले. (बाबांच्या डोक्याचं उत्पादनच तेवढं.) आणि खोका पलंगाखाली लपवला, कारण बाबांना सरप्राइज द्यायचं होतं. ते मिळालं.

"आई, भावली कुठाय?"

"खाडीत! नारळ, लिंबू, सगळा उतरून रिक्षान जाऊन टाकून इलंय. मागे वळून पण बघूक नाय."

उद्या सकाळी दहाला फिल्म जमा करायची, शेवटचा शॉट बाकी, आणि हिरो समुद्राच्या वाटेवर! तेवढ्यात आईने पदर खोचला.

"समोरच्या तावडीणीक इचारतंय आता. तिचाच काम ह्यां!"

ती दाराच्या कडीपर्यंत पोचली आणि मी किंचाळले, "आई, ती मी केली!"

आईने कडीवरचा हात काढला.

"कित्याक गो?" आईला रडूच फुटलं. "बापाशीन तुका लॅपटॉप घेऊन दिल्यानी नाय?"

अर्धा तास समजावलं. झालेली फिल्म मोबाईलवर दाखवली. आई दोनदा हसली आणि दोन्ही वेळा हसल्याबद्दल तिने देवाला हात जोडले. बाबा मात्र एकदाही हसले नाहीत. मला वाटलं, आता हे माझ्याशी जन्मात बोलणार नाहीत. शेवटी म्हणाले, "एवढं पोट आहे माझं?"

"बाबा, मी नापास होणार!" आता रडायची पाळी माझी होती.

"रडतेस काय? काय राहिलंय?"

"माशी नाकावर बसते आणि माणूस स्वतःलाच थोबाडीत मारून घेतो."

"मग मी आहे ना!"

जिवंत माणसाला असं फोटोगणिक केसभर हलवूनही अ‍ॅनिमेशन करता येतं, हे मला कॉलेजात शिकवलेलं होतं. सुचलं मात्र बाबांना. त्यांनी तोच शर्ट चढवला. त्याची एक बाही मी कापलेली, म्हणून ती बाजू भिंतीकडे केली. आईने दोऱ्याला बांधलेली कापडी माशी धरली.

"हात एक इंच वर... थांबा! बाबा, श्वास घेऊ नका ना!"

"मरू काय मग?"

"शुभ बोला हो!" आईच्या हातातली माशी थरथरली. पुन्हा पहिल्यापासून.

थोबाडीचा फोटो मात्र खऱ्या थोबाडीशिवाय जमेना. त्या दिवशी माझ्या बापाने माझ्यासाठी स्वतःच्या चार थोबाडीत मारल्या. चौथी माझ्या सांगण्यावरून, तिसरीचा फोटो हलला होता. आठ वाजेपर्यंत शॉट झाला. बाबांचा गाल लाल आणि गुडघे दुप्पट दुखायला लागलेले.

सकाळी आमच्या सरांनी फिल्म पाहिली. शेवटचा शॉट आल्यावर ते खुर्चीत सरळ झाले.

"बाकी सगळीकडे ठोकळा आहे गं तुझी बाहुली. पण ही शेवटची! हा कातडीचा पोत, डोळ्यांतला राग, हा गालाचा रंग... झकास! कमाल केलीस!"

चार वर्षांत सरांनी केलेली माझी पहिली स्तुती! मी मान खाली घालून थँक यू म्हणाले. ते पपेट साठ वर्षांपूर्वी कुडाळला माझ्या आजीने बनवलंय, हे सांगायचा धीर मला काही झाला नाही.