पहिला चमचा सिस्टरांचा

अर्धांगाच्या झटक्यानंतर आईला बिबवेवाडीतल्या एका शुश्रूषागृहात ठेवलं, तेव्हा तिला गिळायला त्रास होत होता. घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेव्हापासून मला जेवणाच्या वेळेची धास्ती बसली.

तिथे कामांची वाटणी पक्की होती. औषधं, इंजेक्शनं, नळ्या हे सिस्टरांचं काम. अंघोळ, कूस बदलणं, भरवणं मावशींचं. आईसाठी मात्र एक जादा नियम होता. पहिला चमचा सिस्टर देणार, तिला काहीतरी बोलायला लावणार, आणि आवाज स्वच्छ आला, म्हणजे घास नीट उतरला, तरच वाटी मावशींच्या हातात जाणार.

जन्मभर शाळेत शिकवलेल्या आईला हे बोलायला लावणं बरं वाटे. "पेज आहे की पुस्तकं चिकटवायची खळ?" ती जड जिभेनं विचारायची. सिस्टर हसायच्या. मी शब्दांमागे घरघर येतेय का, तेवढंच ऐकत असे.

एका दुपारी शेजारच्या खोलीतल्या आजोबांना धाप लागली आणि सिस्टर तिकडेच अडकल्या. पेज निवत चालली.

"भूक लागलीय हो तिला," मी मावशींना म्हणाले.

"दिसतंय मला, ताई. पण पहिला चमचा माझा नाही."

"मग वाटी काय दर्शनाला आणलीत?" आई म्हणाली.

"नैवेद्य आहे, आजी. पुजारीणबाई आल्या की मिळेल प्रसाद."

हसू मलाही आलं, पण धास्ती होतीच. सकाळपासून आईचा श्वास जरा जड वाटत होता.

सिस्टर आल्या. पलंगाची डोक्याकडची बाजू वर करून त्यांनी अर्धा चमचा पेज दिली. आईनं गिळली.

"बोला आजी."

आई बोलली. पाण्याखालून बोलावं तसा आवाज आला. सिस्टरांनी खोकायला सांगितलं. तिला खोकता येईना.

"मावशी, आता तोंडानं काही नाही. पाणीसुद्धा नाही," असं म्हणून त्या डॉक्टरांना बोलवायला गेल्या.

संध्याकाळी नाकातून नळी घातली आणि जेवणही सिस्टरांच्या वाटणीला गेलं. त्या नळी तपासायच्या, गाळलेलं पातळ अन्न सावकाश सोडायच्या, पाणी घालून नळी धुवायच्या आणि पुढच्या खोलीत जायच्या. हात हलका होता त्यांचा. पण भरवताना मावशी बराच वेळ बसायच्या, सुनेच्या कागाळ्या सांगायच्या, आईकडून टोमणे खायच्या. आता त्या वेळी पलीकडे कुणाला तरी "आ करा, आजोबा" म्हणताना त्यांचा आवाज भिंतीतून यायचा.

आईला बोलायला लावण्याचं आता कुणालाच कारण उरलं नव्हतं. हळूहळू ती गप्प झाली. एकदा सिस्टर नळी धुऊन गेल्यावर मीच म्हणाले, "आई, बोल ना काहीतरी."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले, आणि तोच आवाज पुन्हा येईल या भीतीनं मी घाईघाईनं म्हणाले, "राहू दे, दमशील."